मस्तिष्कावरणशोथ आणि व्याधिक्षमत्व : एका रुग्णाच्या निमित्ताने

२०१६ सालच्या मार्गशीर्षातील गोष्ट. बाळापूर तालुक्यातील एका खेड्यातून आठ वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आणला गेला. दहा-बारा दिवसांपासून सायंकाळी अंग कोमट होणे, अन्नावर वासना नसणे, डोके दुखणे, अधूनमधून वांती आणि मूळचा खेळकर स्वभाव जाऊन आलेली चिडचीड, एवढाच इतिहास होता. नाडी, जिव्हा, उदर पाहून आम्ही साम ज्वराचे निदान केले आणि लघु आहार, सुदर्शन चूर्ण, संजीवनी वटी व गुडूचीचा काढा अशी योजना केली. पाचव्या दिवशी ज्वर उतरला. मुलाने दोन दिवस भाकर मागून खाल्ली. आम्हाला समाधान वाटले आणि, खरे सांगावयाचे तर, थोडा अभिमानही वाटला. पुढच्या तीन-चार दिवसांत ज्वर दुप्पट जोराने परतला. त्या वेळी मुलाची आजी दाराशी उभी राहून म्हणाली, “पोट्टं उजिडाकडं पाह्यतच नाई, डाक्टरसाहेब. नुसतं भितीकडं तोंड करून निजून रायते.” आम्ही मुलाची हनुवटी छातीला टेकवू गेलो. मान लाकडासारखी ताठ होती.

त्याच तासाला त्याला अकोल्यास रवाना केले. तेथे पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासले गेले आणि क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथ, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा क्षय, असे निदान झाले. मधल्या काळात ज्वर उतरला होता तो आमच्या काढ्याने नव्हे. घरच्यांनी एका औषध दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या गोळ्यांची रिकामी पट्टी आजीच्या पिशवीत निघाली. ती डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची होती. आम्हास खरा धक्का त्यापुढे बसला. रुग्णालयात क्षयाच्या चार औषधांसमवेत त्या मुलाला जे पाचवे औषध सुरू झाले, तेही डेक्सामेथासोनच होते. ज्या औषधाने रोग झाकला, तेच आता जीव वाचविण्यासाठी दिले जात होते.

हे कोडे उलगडावयाचे तर मेंदूत शिरलेल्या जीवाणूंशी शरीर कसे झुंजते, हे मुळापासून पाहावे लागते. आपल्या सभासदांपैकी बहुतेकांनी हा विषय विद्यार्थिदशेत वाचलेला असेल. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या ज्ञानात एवढी भर पडली आहे की पुन्हा एकदा उजळणी करण्यास हरकत नसावी.

किल्ल्याची रचना

बाळापूरचा किल्ला आपणा सर्वांच्या पाहण्यातला आहे. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या बेचक्यातील उंचवट्यावर तो उभा आहे. एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये त्याचे काम पूर्ण केले. बाहेर दशकोनी तट, आत पंचकोनी बालेकिल्ला आणि एकामागे एक तीन दरवाजे. मेंदूभोवतीही कवटीच्या आत तीन आवरणे आहेत : सर्वांत बाहेरचे जाड दृढावरण, मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे जालावरण आणि मेंदूच्या वळ्यावळ्यांत चिकटून बसलेले मृदू आवरण. मधल्या व आतल्या आवरणांमधील पोकळीत मस्तिष्क-मेरुद्रव खेळत असतो. प्रौढ मनुष्यात तो कोणत्याही क्षणी सुमारे १५० मिलिलिटर असतो, आणि दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार होतो.

तथापि खरी तटबंदी या तीन पडद्यांत नाही. ती मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आहे. अन्य अवयवांतील केशवाहिन्यांच्या पेशींमध्ये फटी असतात, मेंदूत त्या पेशी एकमेकींशी घट्ट सांधलेल्या असतात आणि बाहेरून तारकापेशींचे पाय त्यांना लपेटून असतात. जर्मन शास्त्रज्ञ एर्लिख याने १८८५ च्या सुमारास प्राण्याच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा सारे शरीर रंगले आणि मेंदू मात्र पांढराच राहिला. याच रक्त-मेंदू अडसरामुळे रक्तातील बहुतेक जंतू आत शिरू शकत नाहीत. परंतु त्याची किंमतही मोजावी लागते. रक्तातील प्रतिपिंडे आणि जंतूंना भोके पाडणारी, त्यांच्यावर खूण करणारी पूरक प्रथिनेही बाहेरच अडतात. निरोगी मेरुद्रवात प्रतिपिंडांचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या शतांशाहूनही कमी असते आणि एका घन मिलिमीटरमध्ये पांढऱ्या पेशी जेमतेम पाचपर्यंत. किल्ला भक्कम, पण आत शिबंदी नाही, अशी ही स्थिती आहे.

निसर्गाने असे का केले असावे? युद्ध जेथे होते तेथे सूज येते. पायाला सूज आली तर त्वचा ताणते. कवटी ताणत नाही. शिवाय यकृताच्या पेशी पुन्हा तयार होतात, मेंदूच्या पेशी बहुतांशी तयार होत नाहीत. म्हणून मेंदूत प्रतिकार मुद्दामच आवरता ठेवलेला आहे.

या संदर्भात पीटर मेडावर यांचा १९४८ सालचा प्रयोग आम्हास फार बोलका वाटतो. त्यांनी एका सशाची त्वचा दुसऱ्या सशाच्या मेंदूत रोवली. परकी त्वचा शरीरावर रोवली असता प्रतिकारशक्ती ती नष्ट करते; मेंदूत ती टिकून राहिली. मात्र त्याच सशाच्या अंगावर तीच परकी त्वचा आधी लावून त्याच्या प्रतिकारशक्तीला ओळख करून दिली असेल, तर मेंदूतील त्वचाही नष्ट झाली. म्हणजे मेंदूत प्रतिकाराचा आरंभ सहजी होत नाही, परंतु बाहेर सावध झालेले सैन्य आत पोहोचू शकते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी; लसीचा विचार करताना तिची गरज पडणार आहे.

किल्ला अगदीच ओस असतो, असेही नव्हे. आत सूक्ष्मश्लेष पेशी, ज्यांना मायक्रोग्लिया म्हणतात, त्या रखवाली करतात. स्पेनच्या देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची स्वतंत्र ओळख पटविली. या पेशी गर्भावस्थेच्या अगदी आरंभी पीतक कोशातून मेंदूत येतात आणि तेथेच वस्ती करतात. २०१५ मध्ये आणखी एक धक्का बसला. मेंदूला लसिकावाहिन्या नाहीत, असे आपण सर्वांनी परीक्षेत लिहिलेले आहे. त्या वर्षी अमेरिका व फिनलंड येथील दोन स्वतंत्र गटांनी उंदराच्या दृढावरणात त्या दाखवून दिल्या. त्या मानेतील लसिकाग्रंथींपर्यंत जातात, म्हणजे आतली वार्ता बाहेर नेणारी वाट आहे. २०१८ मध्ये कवटीच्या हाडातील मज्जेपासून थेट आवरणापर्यंत जाणाऱ्या सूक्ष्म नलिकाही आढळल्या. राखीव दल छपरातच ठेवलेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

तट फुटल्यावर

आता शत्रूकडे वळू. काही तासांत किंवा दिवसांत प्राणावर बेतणारा तीव्र मस्तिष्कावरणशोथ प्रामुख्याने तीन जीवाणूंमुळे होतो : न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझा ब, ज्याला संक्षेपाने हिब म्हणतात. तिघेही मूळचे नाका-घशातले रहिवासी. पुष्कळ निरोगी मुलांच्या घशात ते काही न करता असतात. तिघांच्या अंगावर शर्करेचे बुळबुळीत कवच असते. या कवचामुळे भक्षक पेशींच्या हाती ते लागत नाहीत. प्रतिपिंडे आणि पूरक प्रथिने कवचावर चिकटली, तरच भक्षक पेशीला पकड मिळते. रक्तात हे घडते; प्लीहेचे एक मोठे काम हेच आहे, आणि प्लीहा काढलेल्या रुग्णास न्यूमोकॉकसचे भय जन्मभर असते ते यामुळेच. परंतु एखादा जीवाणू रक्तातून निसटून मेरुद्रवात पडला की तेथे प्रतिपिंडे नाहीत, पूरक प्रथिने नाहीत, भक्षक पेशी नाहीत. कोमट, साखरयुक्त पाण्यात तो निर्वेध वाढतो.

संख्या वाढली की रखवालदार जागे होतात. आवरणातील भक्षक पेशी व मायक्रोग्लिया यांच्या अंगावर जीवाणूंच्या भित्तिकेचे तुकडे ओळखणारे ग्राहक असतात. तुकडा चिकटताच त्या टीएनएफ, इंटरल्युकिन १ व इंटरल्युकिन ६ असे संदेशवाहक रेणू सोडतात. या हाकेने रक्तवाहिन्यांचे अस्तर चिकट होते, उदासीनरंजी श्वेतकण तेथे थांबतात, सांधे उसवून आत घुसतात. पाचाच्या ठिकाणी एका घन मिलिमीटरमध्ये हजार ते पाच हजार पेशी दिसू लागतात. पाणी गढूळ होते, साखर उतरते, प्रथिने चढतात. आता सैन्य पोहोचले, परंतु खूण करणारी प्रथिने अद्याप तोकडीच. त्यामुळे श्वेतकण लढतात अधिक आणि मारतात कमी. त्यांनी सोडलेली पाचक द्रव्ये तटालाच भगदाडे पाडतात. मेंदू सुजतो, दाब वाढतो, रक्तपुरवठा घटतो.

ज्वर, शिरःशूल, वांती, मन्यास्तंभ, प्रकाशद्वेष ही लक्षणे जीवाणूंची नव्हेत, या प्रतिकाराची आहेत. ज्वर येतो तो इंटरल्युकिनांनी मेंदूतील तापनियंत्रक केंद्रास दिलेल्या आज्ञेने. मान ताठ होते ती सुजलेली आवरणे ताणली जाऊ नयेत म्हणून. आपण रुग्णाच्या अंगावर जे वाचतो ते सैन्याचे पत्र असते, शत्रूचे नव्हे. ते पत्र पुसले म्हणून शत्रू गेला असे होत नाही.

क्षयाचा संथ मार्ग

आपल्या भागात, विशेषतः मुलांत, दोन-तीन आठवडे रेंगाळणारा प्रकार दिसला तर क्षयाचा विचार सर्वांत आधी करावा. येथे कथा निराळ्या गतीने चालते. फुप्फुसातील पहिल्या संसर्गाच्या काळात थोडे क्षयजंतू रक्तावाटे मेंदूपर्यंत जातात. मायक्रोग्लिया त्यांना गिळतात, पण मारू शकत नाहीत. भोवती भक्षक पेशी आणि टी-पेशी गोळा होऊन एक गाठ बांधतात. ही गाठ म्हणजे कैदखाना. टीएनएफ आणि इंटरफेरॉन गॅमा हे तिच्या भिंतीचा चुना. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, कैदी आत राहतो. अर्नोल्ड रिच व हॉवर्ड मॅककॉर्डक या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये शवविच्छेदनांवरून दाखविले की, अशी एखादी गाठ मेरुद्रवाच्या पोकळीत फुटते तेव्हा आवरणाचा क्षय सुरू होतो.

फुटल्यावर जंतू थोडे असतात आणि प्रतिकार मोठा. मेंदूच्या तळाशी घट्ट, चिकट स्राव साचतो. त्यात डोळ्यांच्या व चेहऱ्याच्या नाड्या अडकतात, रक्तवाहिन्या सुजून बंद पडतात, द्रवाचे मार्ग तुंबून मेंदूत पाणी साठते. आमच्या रुग्णाच्या उजव्या हातातील बळ अशाच एका बंद पडलेल्या वाहिनीमुळे गेले.

जंतू थोडे असल्यामुळे निदानही अवघड. पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली ते क्वचितच सापडतात. लसिकापेशींचे आधिक्य, उतरलेली साखर व चढलेली प्रथिने यांवरून अनुमान करावे लागते. या अडचणीवर आपल्या विदर्भातच मोलाचे काम झाले आहे. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस येथील हातिम दागिनावाला व राजपाल कश्यप यांनी, नीरीच्या हेमंत पुरोहित यांच्या सहकार्याने, मेरुद्रवातील क्षयजंतूंची प्रथिने व त्यांविरुद्धची प्रतिपिंडे हुडकण्याच्या पद्धतींवर २००० नंतरच्या दशकात अनेक निबंध प्रसिद्ध केले. आता जंतूंच्या जनुकांची यंत्राने होणारी तपासणीही शासकीय क्षयकार्यक्रमात आहे. तीही नकारात्मक आली म्हणून क्षय नाही, असे धरता येत नाही.

तीच गोळी, दोन परिणाम

आता कोड्याकडे परतू. डेक्सामेथासोन हे औषध टीएनएफ व इंटरल्युकिने यांची निर्मितीच दाबते. दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी मुलाचा ज्वर उतरला, सूज घटल्याने डोके हलके झाले, भूक लागली. स्टिरॉइडने भूक लागतेच. परंतु जंतूंवर एकही घाव पडला नाही; उलट कैदखान्याच्या भिंतीचा चुना निखळला. हे केवळ अनुमान नव्हे. संधिवातासाठी टीएनएफला निष्प्रभ करणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध प्रचारात आल्यानंतर सुप्त क्षय उफाळल्याचे रुग्ण जगभर आढळले आणि २००१ मध्ये तशी नोंद प्रसिद्ध झाली.

रुग्णालयातील डेक्सामेथासोन मात्र एकटे नव्हते. आयसोनियाझिड व पायराझिनामाइड ही औषधे अडसर ओलांडून मेंदूत चांगली पोहोचतात आणि जंतूंना मारू लागतात. मरणारे जंतू भित्तिकेचे तुकडे सोडतात; त्या तुकड्यांना पाहून प्रतिकार आणखी भडकतो. ही भडक कवटीच्या आत सोसवत नाही, म्हणून ती काही आठवडे आवरून धरावयाची. व्हिएतनाममधील ५४५ रुग्णांवरील चाचणीत २००४ मध्ये असे दिसले की, क्षयाच्या औषधांबरोबर डेक्सामेथासोन दिलेल्या गटात मृत्यू सुमारे ३२ टक्के होते, न दिलेल्या गटात ४१ टक्के. तीव्र प्रकारात युरोपातील ३०१ प्रौढांच्या २००२ सालच्या चाचणीत मृत्यू १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. तेथे स्टिरॉइड प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेच्या किंचित आधी किंवा तिच्यासोबत दिले होते. मलावी देशातील मुलांवर व प्रौढांवर झालेल्या चाचण्यांत मात्र तीव्र प्रकारात असा लाभ दिसला नाही. व्हिएतनामच्या चाचणीतही मृत्यू घटले, पण वाचलेल्यांतील गंभीर अपंगत्व घटल्याचे दिसले नाही. तेव्हा हे काही रामबाण नव्हे. मारणारे औषध, त्याची वेळ आणि रुग्णालयातील देखरेख या तिन्हींच्या संगतीतच त्याला अर्थ आहे. एकटे दिले की ते शत्रूचा सहायक होते.

अर्धवट प्रतिजैविकाचेही तसेच आहे. विशेषतः लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधे क्षयजंतूंवर थोडीबहुत चालतात. चार दिवस घेतली की ज्वर हलतो, निदान लांबते आणि जंतू निर्ढावण्याची वाट मोकळी होते.

आपल्या संहिता आणि आपली औषधे

शिर हे त्रिमर्मांपैकी एक. चरकाचार्यांनी सिद्धिस्थानात त्याच्या रक्षणास स्वतंत्र स्थान दिले आहे. शंखक या शिरोरोगाचे वर्णन वाचताना आजही थबकावयास होते : शंखप्रदेशी तीव्र वेदना, दाह, आणि तीन रात्रींत प्राणनाश, अशा रुग्णास प्रत्याख्यान करून, म्हणजे नातलगांस धोका स्पष्ट सांगूनच, हात लावावा असा संकेत. शंखक म्हणजे मस्तिष्कावरणशोथच, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. लक्षणे तंतोतंत जुळत नाहीत. तसेच तर्पक कफ म्हणजेच मेरुद्रव आणि ओज म्हणजेच प्रतिपिंडे, असली समीकरणे व्याख्यानांत टाळ्या मिळवितात, रुग्णाच्या उपयोगी पडत नाहीत. आचार्यांचा काळाविषयीचा धाक मात्र आपण उचलण्यासारखा आहे.

प्रतिकारशक्ती ‘वाढविणे’ हा शब्द आपल्या जाहिरातींत आणि दुर्दैवाने आपल्या चिठ्ठ्यांतही सैलपणे वापरला जातो. वर पाहिलेच की या व्याधीत प्रतिकार कमी पडतो तो आरंभी, आणि नंतर अतिरेकाने मारतो. अशा वेळी गुडूची, अश्वगंधा वा च्यवनप्राश यांनी काय साधणार? रोगमुक्तीनंतरच्या काळात रसायनास स्थान आहे, याविषयी दुमत नाही. परंतु क्षयाची औषधे यकृतावर भार टाकतात, आणि ती नऊ ते बारा महिने चालतात. मुंबईतील काही वैद्यकतज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृतविकार नोंदविला. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, अशा रुग्णाला उपचार करणाऱ्या डॉक्टरांस न कळविता कोणतेही रसायन सुरू करू नये, असे आमचे मत झाले आहे.

पुष्य नक्षत्रावर होणाऱ्या सुवर्णप्राशनाच्या शिबिरांविषयीही एक शब्द. आम्हीही ती घेतो. मात्र ‘आमच्या बाळाला सुवर्णप्राशन चालू आहे, मग सुया कशाला’ असे म्हणणारी माता भेटली, तर तिची समजूत काढणे हे आपलेच काम आहे.

सैन्याला आधी सावध करणे

मेडावर यांच्या सशाची येथे आठवण करावी. बाहेर ओळख झालेली असेल तर प्रतिकार आतही पोहोचतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शत्रूला रक्तातच गाठतो. हिब व न्यूमोकॉकस यांच्या लसींचे कार्य हेच. दोन वर्षांखालील बालकाची प्रतिकारशक्ती नुसत्या शर्करेच्या कवचाला ओळखत नाही. म्हणून ते कवच एखाद्या प्रथिनाला जोडून देण्याची युक्ती काढावी लागली. हिबची लस आता पंचगुणी लसीत अंतर्भूत आहे, आणि न्यूमोकॉकसची लस २०२१ मध्ये देशभरातील शासकीय कार्यक्रमात आली. बीसीजी फुप्फुसाच्या क्षयास फारसा पायबंद घालीत नाही, परंतु बालकांतील मेंदूच्या आवरणाचा क्षय ती बऱ्याच प्रमाणात टाळते; निरनिराळ्या अभ्यासांचे एकत्रित अनुमान सुमारे ७० टक्क्यांच्या घरात जाते. उरलेल्या तिसांचे काय? आमच्या रुग्णाच्या दंडावर बीसीजीचा व्रण स्पष्ट होता. व्रण पाहून आम्ही निर्धास्त झालो, ही आमची आणखी एक चूक.

दवाखान्यात आणि दुकानात

दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळणारा ज्वर, त्यासोबत शिरःशूल, सकाळची वांती, स्वभावात पालट किंवा झोपाळूपणा असेल, तर मान वाकवून पाहिल्याविना रुग्णाला उठू देऊ नये. तान्ह्या बाळात मान ताठ होईलच असे नाही. भरलेली टाळू, दूध सोडणे, किरकिर किंवा उलट विचित्र शांतपणा हीच खूण. वृद्धांत व मधुमेहींत केवळ बरळणे दिसते. अंगावर जांभळे ठिपके आणि वेगाने ढासळणारा रुग्ण म्हणजे मेनिंगोकॉकसची शक्यता. तेथे घटकांचा प्रश्न असतो. बाळापुराहून अकोला सुमारे पंचवीस किलोमीटर आहे. ‘उद्या पाहू’ म्हणण्यास हे अंतर पुरेसे नाही.

जुनाट कान वाहणारी मुले हा आपल्या दवाखान्यातील नित्याचा प्रकार. कानातील पू हाड पोखरून मेंदूत विद्रधी करू शकतो. तेथे प्रतिकारशक्ती आठवड्या-दोन आठवड्यांत पुवाभोवती तंतूंची भिंत उभारते. त्या भिंतीने मेंदू वाचतो, पण औषधही आत जाणे कठीण होते आणि शल्यकर्म करावे लागते. पडदा फुटलेल्या कानात कर्णपूरणाचे तेल घालू नये, हे पुन्हा सांगावयास नको; तरी सांगतो. पावसाळ्याच्या अखेरीस गवतात वावरणाऱ्यांस ज्वर, तीव्र शिरःशूल व अंगावर एखादी काळी खपली दिसली तर स्क्रब टायफसही मनात असू द्यावा. २०१८ मध्ये नागपूर परिसरात त्याची साथ येऊन गेली. त्याचा जीवाणू रक्तवाहिन्यांच्या अस्तरातच वस्ती करतो, मेंदूचा दाह करतो आणि पेनिसिलिन गटाच्या औषधांना दाद देत नाही. त्यास डॉक्सिसायक्लिन लागते.

पाठीचे पाणी काढले की माणूस लुळा होतो, हा समज वऱ्हाडात खोल रुजलेला आहे. नातलग रुग्णालयातून रुग्णास घेऊन परततात ते बहुधा याच क्षणी, आणि परतून आपल्याकडेच येतात. त्या वेळी आपला शब्द तेथील डॉक्टरांच्या शब्दाहून जड असतो. सुई मेरुरज्जू संपतो त्याच्या खाली जाते, काढलेले थोडेसे पाणी शरीर काही मिनिटांत भरून काढते आणि लुळेपणा येतो तो रोगाने, हे तीन वाक्यांत सांगता येते. दाब फार वाढलेला असल्यास आधी मेंदूचे छायाचित्र घेतात, हेही सांगावे.

औषध दुकानदार बंधूंस एक विनंती. १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू आहे. क्षयाची औषधे आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीची अनेक प्रतिजैविके तीत आहेत. चिठ्ठी देणाऱ्या वैद्यकाचे व रुग्णाचे नाव, औषध व संख्या यांची नोंद ठेवून ती वही तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. डेक्सामेथासोन त्या यादीत नसले, तरी तेही चिठ्ठीविना देण्याचे औषध नाही. २०१८ च्या अधिसूचनेने क्षयाची औषधे विकणाऱ्यांवरही रुग्णाची माहिती शासनास कळविण्याची जबाबदारी टाकली आहे. ग्राहक तीन वेळा ‘तापाची तीच गोळी’ मागावयास आला, तर त्याला गोळीऐवजी वैद्याचा पत्ता द्यावा.

त्या मुलाचे औषध बारा महिने चालले. तो वाचला. उजव्या हाताची पकड सैल राहिली. तो डाव्या हाताने लिहावयास शिकला. निदानानंतर आरोग्यसेवकांनी घरातील सर्वांची तपासणी केली, तेव्हा त्याच्या आजोबांच्या थुंकीत क्षयजंतू सापडले. आजोबांना वर्षभर खोकला होता आणि तो विडीचा खोकला समजला गेला होता. आम्ही घरी येऊन आमची नोंदवही चाळली. मुलगा येण्याच्या दोन महिने आधी आजोबांचे नाव तीत होते, आमच्याच हस्ताक्षरात : कास, सितोपलादि चूर्ण मधातून, दिवस सात.